कायम जीपीएस स्थानक ‘सरकल्यासारखे’ दिसते तेव्हा काय तपासावे

लक्षणे

भूकवचाची संथ हालचाल मोजणाऱ्या कायम जीपीएस स्थानकाच्या दैनंदिन आलेखात पुढीलपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी ‘जमीन हलली’ असे अहवालात लिहिण्यापूर्वी थांबावे.

पहिले लक्षण म्हणजे उडी. एका ठरावीक दिवसापासून सगळे बिंदू पाच-दहा मिलिमीटर वर, खाली किंवा बाजूला जातात आणि पुढे त्या नव्या पातळीवरच राहतात. दुसरे लक्षण म्हणजे दरवर्षी त्याच महिन्यांत येणारी आणि ओसरणारी लाट. ती बहुधा उभ्या दिशेत ठळक असते. तिसरे म्हणजे संथ वाहत जाणे: पूर्व-पश्चिम किंवा उत्तर-दक्षिण दिशेत वर्षाला एक-दोन मिलिमीटरचा कल दिसतो आणि शेजारच्या स्थानकावर मात्र त्याचा मागमूस नसतो. चौथे म्हणजे विखुरलेपणा, म्हणजे एरवी रेषेला धरून असणारे बिंदू अचानक दुप्पट-तिप्पट पसरतात. पाचवे लक्षण आलेखात नसून फाइलींमध्ये असते: दिवसाची फाइल अर्धीच असते, मध्ये खंड असतात किंवा तारीखच भलती असते.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि पठारावर अशी स्थानके सांभाळताना ही पाचही लक्षणे मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. बहुतेक वेळा दोष खडकापासून अँटेनापर्यंतच्या शेवटच्या दीड मीटरमध्ये, म्हणजे अँटेना पेलणाऱ्या खांबात, केबलमध्ये किंवा कागदावर निघाला. याचे महत्त्व आकड्यांतून लक्षात येते. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे सरकतो. परंतु ही चाल द्वीपकल्पावरील सगळ्या स्थानकांची सामाईक आहे. ती वजा केल्यावर कोयना-वारणा परिसरात आपण जे शोधतो, ते वर्षाला एखाद्या मिलिमीटरचे किंवा त्याहूनही कमी असते. अशा ठिकाणी सात मिलिमीटरची खोटी उडी म्हणजे अनेक वर्षांच्या खऱ्या मोजमापावर पाणी फिरणे होय.

एक नियम, सर्व तपासण्यांच्या आधी

अँटेनाला हात लावू नये. ती सैल वाटली तरी घट्ट करू नये, तिरकी वाटली तरी सरळ करू नये, आणि ‘बदलून तर पाहू’ असे तर मुळीच करू नये. अँटेना फिरवली, उचलली किंवा बदलली की त्या दिवसापासून आलेखात एक नवी उडी येते आणि मूळ दोषाचा पुरावा कायमचा पुसला जातो. म्हणूनच पुढील क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो तसाच तो अँटेनापासून सर्वांत दूरच्या गोष्टीपासून सुरू होऊन शेवटी अँटेनाकडे येतो.

कागद

सर्वांत स्वस्त तपासणी लॉगबुकची. उडीची तारीख काढावी आणि तिच्या आगेमागे पंधरा दिवसांत स्थानकावर कोण गेले होते, काय बदलले, वीज कधी पडली, गवत कधी कापले हे शोधावे. लॉगबुकात नोंद नसेल तर स्थानकाची राखण करणाऱ्याला विचारावे, आणि तेही दोष देण्याच्या सुरात नव्हे. एका घाटमाथ्यावरच्या स्थानकावर उभ्या दिशेत आठ मिलिमीटरची उडी होती आणि वहीचे पान कोरे होते. राखणदाराला शांतपणे विचारले तेव्हा तो म्हणाला, “साहेब, फांदी पडून टोपी फुटली होती. मागच्या खेपेला आलेल्यांनी नवी बसवून दिली.” ती टोपी म्हणजे अँटेनावरचे घुमटाकार प्लास्टिकचे आवरण, रेडोम. नवे आवरण दुसऱ्या आकाराचे होते.

प्लास्टिकच्या आवरणाने उंची का बदलावी, असा प्रश्न इथे हमखास येतो. उपग्रहाचा संकेत त्या आवरणातून जाताना किंचित उशिरा पोहोचतो आणि हा उशीर संकेत किती तिरपा येतो त्यावर अवलंबून असतो. भर म्हणजे आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, परिणाम काढून टाकण्यासाठी एल-१ आणि एल-२ या जीपीएसच्या दोन रेडिओ लहरींची जी बेरीज-वजाबाकी केली जाते, तीत पहिलीला सुमारे २.५५ ने आणि दुसरीला १.५५ ने गुणलेले असते. त्यामुळे अँटेनाजवळचा मिलिमीटरभर दोषही गणितातून बाहेर पडताना साधारण तिप्पट होतो. पुढच्या प्रत्येक तपासणीत हे तिपटीचे गणित लक्षात ठेवावे.

वहीनंतर फाइलीचे शीर्ष तपासावे. रिनेक्स (जीपीएस नोंदींचा सामाईक मजकुरी साचा) फाइलीच्या पहिल्या पंधरा-वीस ओळींत अँटेनाचा प्रकार, रेडोमचा संकेत आणि अँटेनाची उंची लिहिलेली असते. उंची अँटेनाच्या तळाच्या संदर्भबिंदूपर्यंत उभी मोजलेली हवी. कुणी टेप तिरपी धरून कडेपर्यंत मोजली असेल तर ती तिरकस उंची असते, आणि ती उभी म्हणून भरली गेली की स्थानक तेवढेच वर किंवा खाली दिसते. रेडोम बसवलेला असताना ‘रेडोम नाही’ असे लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे. ही दुरुस्ती कार्यालयात बसून होते आणि तिला एक पैसाही लागत नाही.

तारीखच चुकलेली असेल तर रिसीव्हरचे, म्हणजे अँटेनाकडून आलेला संकेत नोंदवणाऱ्या यंत्राचे, वय पाहावे. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. तसे ६ एप्रिल २०१९ च्या रात्री घडले. जुन्या रिसीव्हरचे सॉफ्टवेअर अद्ययावत नसेल तर तो तेव्हा किंवा त्यानंतरच्या एखाद्या दिवशी साडेएकोणीस वर्षे मागे जातो. मोजमाप बहुधा शाबूत असते, केवळ तारखेचे लेबल चुकलेले असते. म्हणून अशा फाइली कधीही फेकू नयेत.

शेजारी

दुसरी फुकटची तपासणी शेजारच्या स्थानकाची. आपल्या स्थानकाचा आलेख एकटा कधीही वाचू नये. वीस-तीस किलोमीटरवर दुसरे स्थानक असेल तर दोघांतील फरकाचा आलेख काढावा. उडी फरकात टिकली तर दोष दोघांपैकी एकाच ठिकाणी आहे. फरकात ती नाहीशी झाली, तर कारण दोघांना सामाईक आहे. मग हैदराबाद आणि बंगळुरू येथील आंतरराष्ट्रीय जाळ्यातील स्थानकांच्या नोंदी उतरवून घ्याव्यात आणि तीच उडी तिथेही आहे का ते पाहावे. तिथेही असेल तर ती गणितातली आहे. आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेने २९ जानेवारी २०१७ रोजी आणि पुन्हा २७ नोव्हेंबर २०२२ रोजी आपली संदर्भचौकट (स्थाने ज्या मूळ अक्षांच्या सापेक्ष मोजतात ती) व अँटेनांच्या दुरुस्त्यांची फाइल बदलली. जुने दिवस एका चौकटीत आणि नवे दुसरीत सोडवले की जोडावर पायरी दिसणारच. उपाय एकच: सर्व दिवस एकाच चौकटीत पुन्हा सोडवणे.

इथे भूकंपाबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण कोयनेच्या परिसरात प्रत्येक उडीचे खापर लगेच एखाद्या धक्क्यावर फोडले जाते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या मोठ्या भूकंपापासून त्या भागात धक्के थांबलेले नाहीत. त्यामुळे कोणत्याही तारखेच्या आसपास एखादा लहान धक्का सापडतोच. परंतु पाच किलोमीटर अंतरावर रिश्टर मापनावर ४ चा धक्का झाला तरी जमिनीचे कायम सरकणे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, आणि दैनंदिन जीपीएसला ते दिसत नाही. त्याच अंतरावर ५ चा धक्का झाला तर काही मिलिमीटरची अपेक्षा धरता येते, मात्र ती आजूबाजूच्या सर्व स्थानकांवर अंतर आणि दिशेच्या हिशोबाने दिसली पाहिजे. ४ चा धक्का आणि एकाच स्थानकावर आठ मिलिमीटरची उडी ही जोडी जुळत नाही. तिथे कारण वेगळे शोधावे.

फाइलींचे आरोग्य

दर तीस सेकंदांना एक नोंद या हिशोबाने दिवसाच्या २८८० नोंदी झाल्या पाहिजेत. गुणवत्ता तपासणाऱ्या कोणत्याही मोफत प्रणालीतून रोजच्या नोंदींची संख्या, सायकल स्लिप म्हणजे लहरमोजणीतले तुटणे, परावर्तित संकेतांचे प्रमाण आणि संकेताची ताकद हे चार आकडे काढून वर्षभराचा आलेख करावा. एका दिवसाचा आकडा काहीच सांगत नाही. बदल कधी सुरू झाला हे वर्षभराच्या आलेखात कळते.

संकेताची ताकद सगळ्या उपग्रहांसाठी एकाच वेळी घसरली असेल तर दोष केबल, कनेक्टर किंवा अँटेनातल्या विद्युतभागात आहे. ती एकाच दिशेच्या उपग्रहांसाठी, तेही क्षितिजाजवळ घसरली असेल तर त्या बाजूला झाड, पत्र्याची नवी शेड किंवा तत्सम अडथळा उभा राहिला आहे. लहरमोजणीचे तुटणे सूर्यास्तानंतर, मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि शेजारच्या स्थानकावरही दिसत असेल, तर ते आयनांबरातल्या खळबळीमुळे आहे. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनांबर सर्वांत दाट असते आणि महाराष्ट्र त्यांतल्या उत्तरेकडच्या पट्ट्याजवळ असल्याने आपल्याला हा त्रास अधिक होतो, आणि सौरडाग वाढलेल्या वर्षांत तो आणखी वाढतो. अशा वेळी केबल बदलणे व्यर्थ आहे. पाऊस सुरू झाला की तुटते आणि दोन दिवस उघडीप मिळाली की सुधारते, असा नमुना असेल तर मात्र केबलच पाहावी.

याच टप्प्यावर एक फार उपयोगी चाचणी करून घ्यावी. क्षितिजापासून किती अंशांच्या वरचे उपग्रह गणितात घ्यायचे ती मर्यादा १० अंशांवर ठेवून एकदा, १५ वर एकदा आणि २० वर एकदा अशी तीच माहिती तीनदा सोडवावी. खडक खरोखर सरकला असेल तर तिन्ही वेळा उडी तेवढीच येते. मर्यादा बदलताच उडीचा आकार बदलत असेल, तर दोष अँटेनाच्या भोवताली, आवरणात किंवा परावर्तनात आहे. या चाचणीने माझ्या अनेक फेऱ्या वाचल्या आहेत.

वीज

आता स्थानकावर जाण्याची वेळ येते. घाटमाथ्यावर चार महिन्यांत चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. सौर पॅनेलवर शेवाळ धरते, बॅटरी पुरती भरत नाही आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरी राखणारे यंत्र, रिसीव्हर बंद करतो. बॅटरीचा दाब दुपारी नव्हे, तर भल्या पहाटे, रिसीव्हर चालू असताना मोजावा. दुपारचा आकडा फसवा असतो. रोज त्याच तासांना खंड पडला की रोजचे गणित त्याच ठरावीक उपग्रहांविना सुटते आणि स्थान थोडेसे एका बाजूला झुकते. म्हणजे केवळ बॅटरीमुळेही पावसाळी ‘लाट’ दिसू शकते. पॅनेल पुसणे, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी काढून ती टोके घट्ट करणे आणि चार-पाच वर्षांची बॅटरी बदलणे एवढ्यावर हा विषय संपतो.

भोवताल

दरवर्षी एकाच महिन्यात खांबाजवळ उभे राहून आठ दिशांचे आठ फोटो काढून ठेवावेत. संथ वाहत जाणाऱ्या आलेखाचे उत्तर पुष्कळदा या फोटोंत असते. एका स्थानकाच्या पूर्वेला सिल्व्हर ओकची ओळ होती. चार वर्षांत ती झाडे खांबाच्या माथ्याच्या वर गेली आणि त्याच चार वर्षांत स्थानक पश्चिमेकडे वाहत गेल्यासारखे दिसले. फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर खात्री पटली. जमीनमालकाच्या परवानगीने फांद्या छाटल्या आणि कल थांबला. झाड वाढणे ही संथ क्रिया आहे, कवचाची हालचालही संथच. म्हणून हा दोष सर्वांत फसवा वाटतो.

खांबाभोवतीचे गवत, गांधीलमाश्यांचे पोळे, खांबाला अंग घासणारी गुरे, कुंपणाची नवी लोखंडी जाळी हे सगळे पाहून लिहून ठेवावे. गवत कापले तर तारीख लिहावी, कारण ओले गवत जमिनीवरून येणारे परावर्तन बदलते.

केबल आणि कनेक्टर

सगळ्या उपग्रहांची ताकद घसरली असेल तर इथे थांबावे. रिसीव्हर आधी बंद करावा. केबलमधून अँटेनाला वीजपुरवठा जात असतो आणि चालू स्थितीत कनेक्टर सोडताना शॉर्ट झाला तर रिसीव्हर निकामी होऊ शकतो. मग रिसीव्हरकडचे टोक सोडावे. एका पावसाळ्यात मी असे टोक सोडले तेव्हा आधी चहाच्या चमच्याएवढे तांबूस पाणी माझ्या तळहातावर आले आणि मग मधल्या पिनेवर बसलेला हिरवट थर दिसला. पाणी रिसीव्हरच्या खोलीत शिरले नव्हते. ते अँटेनाकडच्या कनेक्टरच्या सैल टेपमधून आत जाऊन केबलच्या जाळीतून सात मीटर खाली उतरले होते. खालचे टोक पुसून काम भागले असते, पण पंधरा दिवसांत पाणी पुन्हा आले असते.

पाणी मुरलेली केबल वाळवून वापरू नये, बदलावी. नवी केबल जोडताना खालून वर अशी टेप गुंडाळावी, म्हणजे कौलांसारखा वरचा पदर खालच्यावर येतो. त्यावर आपोआप चिकटणारी रबरी टेप द्यावी आणि कनेक्टरच्या खाली केबलला एक झोळ ठेवावा, जेणेकरून पाणी तिथून टपकेल. केबल बदलताना तिची लांबी बदलली म्हणून स्थान सरकेल अशी भीती बाळगू नये. केबलमधला उशीर सर्व उपग्रहांसाठी सारखाच असतो आणि तो रिसीव्हरच्या घड्याळाच्या चुकीत जमा होतो, स्थानात नाही. मात्र अँटेनाकडचे टोक सोडताना अँटेना किंचितही फिरता कामा नये. एका हाताने ती स्थिर धरणे शक्य नसेल तर दुसरा माणूस बरोबर न्यावा.

लाट: कोणती खरी, कोणती खोटी

दरवर्षी येणाऱ्या लाटेबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे दुरुस्ती करण्यापेक्षा दुरुस्ती न करणे हे अधिक कठीण असते. कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयाची क्षमता १०५ टीएमसीहून थोडी अधिक आहे, म्हणजे जवळपास तीन अब्ज टन पाणी. हे ओझे दरवर्षी काही आठवड्यांत चढते आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उतरते. त्याखाली कवच लवचिकपणे दबते, जलाशयाकडे किंचित कलते आणि ओझे उतरल्यावर पुन्हा वर येते. त्यात साऱ्या प्रदेशाच्या मातीत आणि भूजलात साठलेल्या पावसाचे वजन मिळते. ही खरी हालचाल आहे. जिला मोजण्यासाठी आपण स्थानक बसवले तीच ही, आणि तिला ‘बिघाड’ समजून गाळून टाकणे हा फार मोठा तोटा ठरेल.

म्हणून लाटेचे वेळापत्रक पाहावे. धरणाची रोजची पाणीपातळी प्रसिद्ध होत असते. ती आणि उभ्या दिशेचा आलेख एकाखाली एक काढावा. जमीन ऑगस्ट-सप्टेंबरच्या पुढे सर्वांत खाली आणि मे-जूनच्या आसपास सर्वांत वर असेल, शेजारची स्थानकेही तशीच वागत असतील आणि जलाशयापासून दूर जाताना आकार कमी होत असेल, तर लाट खरी मानावी. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर पायरीसारखी सुरू होऊन पाऊस थांबताच संपणारी लाट गवताची, ओल्या पानांची किंवा केबलची असते. आणि मे महिन्यात टोकाला जाऊन डिसेंबर-जानेवारीत उलट टोकाला पोहोचणारी लाट तापमानाची, म्हणजे बहुधा खांबाची असते.

खांबाचे गणित कागदावर करता येते. काँक्रीट दर अंश सेल्सिअसला लांबीच्या दहा लाखांत सुमारे बारा भागांनी वाढते. दीड मीटरचा खांब दहा अंशांनी तापला तर केवळ ०.१८ मिलिमीटर उंच होतो. हे दुर्लक्षणीय आहे. पण दोन मीटर उंच आणि चाळीस सेंटिमीटर रुंद खांबाची उन्हाकडची बाजू सावलीपेक्षा पाच अंशांनी गरम असेल तर तो वाकतो आणि माथा सुमारे ०.३ मिलिमीटर बाजूला जातो. पाच मिलिमीटरच्या लाटेचा दोष या दोन्ही आकड्यांवर टाकता येत नाही. खांबाचे तापमान कारण आहे असे कुणी म्हणाले तर आधी हा हिशोब मांडावा.

खांब आणि जमीन

आता खर्चाची तपासणी. खांबाचा पाया कशावर आहे हे जुन्या फोटोंतून किंवा बांधकामाच्या नोंदीतून शोधावे. काळ्या कातळात सळया बसवून केलेला खांब क्वचितच दगा देतो. मुरुमावर किंवा जांभ्याच्या सुट्या पट्टीवर केलेला खांब संशयास्पद आहे. काळ्या कपाशीच्या जमिनीत पुरलेला खांब या कामाच्या लायकीचाच नाही: ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पठारावरच्या अशा एका खांबाभोवती मी मे महिन्यात आख्खे बोट जाईल एवढी भेग पाहिली. ऑगस्टमध्ये त्याच जागी माती खांबाला घट्ट चिकटून वर आलेली होती.

खांब कलला आहे का, हे पाहायला महाग उपकरण लागत नाही. दीड मीटर उंचीवर तीन मिलिमीटर सरकायचे असेल तर खांब मीटरला दोन मिलिमीटर एवढा कलावा लागतो. यंत्रजोडणी करणाऱ्या फिटरकडची मीटरला ०.१ मिलिमीटर दाखवणारी लेव्हलपट्टी हा कल सहज दाखवते. ती खांबाच्या बाजूला, अँटेनाला धक्का न लावता, दोन काटकोनी दिशांत लावावी आणि आकडे वहीत लिहावेत. मूळचा आकडा वहीत असेल तर निकाल तिथेच लागतो, नसेल तर आज लिहिलेला आकडा पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

त्यानंतर साक्षीखुणा. खांबापासून पाच-दहा मीटरवर कातळात बसवलेल्या तीन-चार गंजरोधक पिना आणि खांबाचा तळ यांच्यातील उंचीचा फरक डिजिटल लेव्हल आणि इन्व्हार (तापमानाने जवळजवळ न वाढणारा मिश्रधातू) पट्टीने वर्षातून एकदा मोजला, तर खांब खडकाच्या तुलनेत खचतो का, हे मिलिमीटरच्या अंशात कळते. फरक स्थिर असूनही स्थानक वाहत असेल, तर खांब निर्दोष आहे. मग पाहायचे ते हे की खाली हलते आहे ते कवच की नुसता डोंगराचा उतार. घाटाच्या कडेला असलेले स्थानक दरीच्या दिशेने, विशेषतः पावसाळ्यात, सरकत असेल तर तो उताराचा प्रवाह आहे. जमीन खरोखर हलते आहे, पण ती भूकवचाची हालचाल म्हणून मोजता येणार नाही. अशा स्थानकावर आणखी खर्च करण्यापेक्षा नवी जागा निवडावी असे माझे ठाम मत आहे, आणि उतार सरकण्याची माहिती स्थानिक प्रशासनाला त्वरित द्यावी.

अँटेना, शेवटी

इथवरचे सर्व निर्दोष निघाले आणि ताकद तरीही कमी असेल, तर अँटेना बदलण्याचा विचार करावा. बदलण्यापूर्वी साक्षीखुणेवर दुसरी अँटेना तात्पुरती बसवून दोन्ही काही आठवडे बरोबरीने चालवाव्यात, मगच मुख्य अँटेना काढावी. तात्पुरती पुढेही काही आठवडे चालू ठेवावी. अशा रीतीने बदलामुळे आलेली उडी मोजलेली असते, अंदाजलेली नसते. नव्या अँटेनाची उत्तरखूण उत्तरेकडेच हवी, उंची दोन माणसांनी स्वतंत्रपणे मोजलेली हवी आणि तारीख-वेळ त्याच दिवशी नोंदलेली हवी. वार्षिक लाटेपासून संथ वेग वेगळा काढायला किमान अडीच वर्षांची सलग नोंद लागते; मध्ये कारण न कळलेली एक उडी आली की वेगावरचा विश्वास पुन्हा ढासळतो.

कुठे थांबावे

वीज पडली असेल तर थांबावे. सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारा भाग) काळा पडलेला, केबलचे आवरण वितळलेले किंवा अर्थिंगची पट्टी तुटलेली दिसली की काहीही जोडून पाहू नये. अर्थिंगचा रोध मोजून दुरुस्ती करणे हे परवानाधारक वीजतंत्रज्ञाचे काम आहे, आणि वळवाच्या दिवसांत आकाशात गडगडाट असताना खांबाजवळ उभेही राहू नये. रिसीव्हरचे झाकण उघडू नये, तो उत्पादकाच्या सेवाकेंद्राकडेच द्यावा. पायाला तडा असेल तर तो सिमेंटने भरू नये. भरलेला तडा मोजता येत नाही. स्थापत्य अभियंत्याने तो पाहीपर्यंत दोन्ही बाजूंना खुणा करून अंतर मोजत राहावे. पुन्हा गणना करायची असेल आणि संदर्भचौकटींचे बारकावे नीट माहीत नसतील, तर तेही भूमापनशास्त्राच्या जाणकारावर सोपवावे.

आणि एकाहून अधिक स्थानकांवर, एकाच वेळी, एकमेकांशी सुसंगत दिशेने हालचाल दिसली, वही कोरी आहे, मर्यादा बदलूनही उडी तेवढीच राहते, हैदराबाद-बंगळुरू मात्र शांत आहेत, तर हातातला पाना खाली ठेवावा. स्थानक जसे आहे तसे चालू ठेवावे, मूळ फाइलींची दुसरी प्रत त्याच दिवशी करावी आणि स्थानक ज्या संस्थेचे आहे तिथल्या शास्त्रज्ञांना कळवावे. सोबत उडीच्या आधीचे आणि नंतरचे पंधरा-पंधरा दिवस, शेजारच्या स्थानकांशी फरकाचा आलेख, वहीच्या त्या महिन्याच्या पानाचा फोटो, आठ दिशांचे फोटो आणि लेव्हलपट्टीचे आकडे पाठवावेत. त्यांचा माणूस येईपर्यंत खांबाभोवतीचे गवतही कापू नये.